अर्जावरचा पालक

गुरुजींनी अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि चष्म्याच्या काडीनं एका रकान्यावर टकटक केलं. "हे वाचा." रकान्यात छापलं होतं : पालकाचे नाव, पत्ता व सही.

"चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली," ते म्हणाले. "पालकाची सही आणली नाही म्हणून किती पोरांना बाकावर उभं केलं, त्याला मोजदाद नाही. आता माझ्या अर्जावर माझ्या पोराची सही. पालक म्हणून!"

गुरुजी शहात्तर वर्षांचे. सावेडीत गुलमोहर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर, आमच्या समोरचं. सावेडी म्हणजे जुन्या नगर शहराबाहेर, मनमाड रस्त्याच्या अंगानं वाढत गेलेलं उपनगर. शिक्षक, बँकवाले, एसटीतले, सरकारी नोकर अशांनी कर्ज काढून इथं प्लॉट घेतले, आधी दोन खोल्या बांधल्या आणि मुलाचं लग्न ठरल्यावर वरचा मजला चढवला. मुलगा सून घेऊन पुण्याला गेला, सव्वाशे किलोमीटरवर. वरच्या मजल्यावर आता भाडेकरू, नाहीतर कबुतरं. पाइपलाइन रोडपासून भिस्तबागेपर्यंत संध्याकाळी फिरून या, कुंपणाशी खुर्ची टाकून बसलेली माणसं दिसतील. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. या खुर्च्या होत्या तिथंच आहेत.

पत्नी, म्हणजे बाई, गेल्यापासून गुरुजी एकटे. मुलगा वाईट नाही, रोज फोन करतो. गुरुजींनाच पुण्याचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट मानवत नाही. म्हणून त्यांनी स्वतःच्या पेन्शनवर सशुल्क वृद्धाश्रम बघितला आणि अर्ज आणला. आश्रमाचं नाव इथं देत नाही. अशा ठिकाणचे जे चार-सहा अर्ज माझ्या हाती आले, ते थोड्याफार फरकानं याच साच्यातले होते.

अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात नियम होते. अनामत रक्कम दोन लाख रुपये. कोणत्याही कारणाने आश्रम सोडल्यास परत मिळणार नाही. मासिक शुल्कात व्यवस्थापन वेळोवेळी वाढ करील. कोणतेही कारण न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील. पालकाच्या लेखी परवानगीशिवाय आवाराबाहेर जाता येणार नाही. आजारपणात पालकाने अठ्ठेचाळीस तासांत हजर व्हावे. शेवटी : वरील सर्व नियम मला मान्य आहेत.

"तुम्ही कायद्याचं लिहिता ना," गुरुजी म्हणाले, "मग सांगा. हे मला मान्य असलं पाहिजे का?"

या प्रश्नाचं उत्तर देताना माझी जी ओढाताण झाली, तेच हे प्रकरण.

आपल्याकडे म्हातारपण आणि कायदा म्हटलं की एकच चित्र उभं राहतं. एका बाजूला थकलेली आई, दुसऱ्या बाजूला निर्दय मुलगा. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा केंद्रीय कायदा याच चित्रातून जन्मला. साठ वर्षं पूर्ण झालेल्या, स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर भागत नसलेल्या माणसाला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मूल नसेल तर जो नातेवाईक त्याच्या मालमत्तेचा वारस होणार, त्याच्याकडून. अर्ज द्यायचा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बोलीभाषेत प्रांताकडे. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा आणि फार तर तीस दिवस वाढवून घ्यावेत, असं कायदा म्हणतो. खर्चाची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये. हा आकडा २००७ मध्ये लिहिला गेला, तेव्हा तो बरा वाटत असेल. आज त्यात बऱ्याच सशुल्क आश्रमांतली एक खाटसुद्धा मिळत नाही. निकाल पटला नाही तर ज्येष्ठाला साठ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. महाराष्ट्रानं या कायद्याखालचे आपले नियम २०१० मध्ये केले.

आता गुरुजींचं बघा. त्यांची तक्रार मुलाविरुद्ध नाही. उद्या झालीच तर ती आश्रमाविरुद्ध असेल : जेवण, औषध, अनामत, दारावरचं कुलूप. असली तक्रार घेऊन ते प्रांताकडे गेले, तर साहेब सहानुभूतीनं ऐकतील, चहाही पाजतील. पण निर्वाहखर्चाचा अर्ज मुलांवर किंवा नातेवाइकांवरच होतो. आश्रमचालक गुरुजींचा कोणीच लागत नाही.

मग या कायद्यात वृद्धाश्रम आहेच कुठे? कलम १९ मध्ये. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं उभारावा, असं ते कलम सांगतं. भाषा 'उभारलाच पाहिजे' अशी नाही, 'उभारता येईल' अशी आहे. एका शब्दात किती आश्रम अडले असतील! केंद्राच्या नमुना नियमांत अशा सरकारी आश्रमाची मापंसुद्धा आहेत : झोपण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर, स्वयंपाकघर-जेवणघर वगैरे धरून बारा. साडेसात चौरस मीटर म्हणजे एक खाट, एक कपाट, एक खुर्ची आणि मधून काठी टेकत जाण्यापुरती वाट. मापं चांगली आहेत. पण ती सरकारनं निराधारांसाठी उभारायच्या आश्रमाला. गुरुजी निराधार नाहीत आणि त्यांचा आश्रम सरकारी नाही.

महाराष्ट्राला वृद्धाश्रम नवा नाही. अनुदानित संस्थांची सरकारी योजना १९६३ पासूनची. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि 'मातोश्री वृद्धाश्रम' हे नाव जिल्ह्याजिल्ह्यांतल्या फलकांवर चढलं. या सगळ्यामागची भावना एकच : कोणीतरी पुण्यकर्म करतं आहे आणि शासन त्याला हातभार लावतं आहे. पुण्यकर्म करणाऱ्याला नियम काय विचारायचे? दान घेणाऱ्यानं तक्रार कशी करायची? सरकारी कागदावरचा 'लाभार्थी' हा शब्द तिथूनच येतो. आश्रम सशुल्क झाले, महिना पंधरा-वीस हजारांची पावती फाडू लागले, तरी पावती घेणारा माणूस मनानं लाभार्थीच राहिला.

तुलना केली की ही फट किती रुंद आहे ते कळतं. मुलांचं निवासगृह चालवायचं तर बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आणि नोंदणी नसेल तर शिक्षा. मनोरुग्णांना ठेवून घ्यायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणी. दहा खाटांचं प्रसूतिगृह काढायचं तर १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी. गल्लीतल्या खाणावळीलासुद्धा अन्नसुरक्षेचा क्रमांक भिंतीवर लावावा लागतो. आणि चाळीस म्हाताऱ्या माणसांना रात्रंदिवस ठेवून घेणारी जागा? संस्था म्हणून तिची नोंदणी असते, म्हणजे विश्वस्त निधी किंवा सोसायटी म्हणून. पण रहिवाशांना सांभाळायची लायकी तपासून दिलेला परवाना २००७ च्या कायद्यात कुठेच नाही. (स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष चालवणाऱ्या आश्रमांनी २०१७ च्या कायद्यातली मनोविकाराची व्याख्या एकदा वाचावी. विचार आणि मनःस्थितीच्या बरोबरीनं तिथं स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे.)

ही फट दिल्लीला दिसली नव्हती असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. दहा हजारांची मर्यादा काढायची, सून-जावई यांना जबाबदारांत आणायचं, ऐंशीच्या वरच्यांचे अर्ज साठ दिवसांत काढायचे. आणि आपल्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं म्हणजे खासगी-सरकारी सगळ्या ज्येष्ठ निवासांची, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांचीसुद्धा, नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायचा. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल २०२१ च्या सुरुवातीला आला आणि पुढं काही हललं नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा विधेयकही तिच्याबरोबर संपलं. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला केंद्राला सांगितलं होतं. आश्रम किती आहेत हेच गोळा करायला सांगावं लागत असेल, तर ते कसे आहेत हा प्रश्न फार पुढचा.

तेव्हा गुरुजींच्या हातात काय उरतं? मी त्यांना म्हटलं, एक मोठी गोधडी नाही, तुकडे आहेत. शिवून घ्यावे लागतील.

पहिला तुकडा ग्राहक संरक्षण कायद्याचा, २०१९ चा, आणि माझ्या मते सगळ्यांत दणकट. पैसे मोजून घेतलेली निवास-भोजनाची सेवा ही सेवाच. मग फलकावर आश्रम लिहा, कुटीर लिहा, नाहीतर आनंदवाडी. सेवेत कसूर झाली तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. या कायद्यात 'अन्याय्य करार' अशी एक नवी व्याख्या आली आहे. अवाजवी अनामत मागणारा करार, वाजवी कारणाशिवाय एका बाजूला तो मोडू देणारा करार, ही तिच्यातली उदाहरणं.

गुरुजींनी अर्ज उलटा केला. नियमांवर बोट फिरवलं. "म्हणजे हा. आणि हा."

"हो. पण हसू नका. करार अन्याय्य आहे एवढ्याच मुद्द्यावर भांडायचं तर जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं."

"म्हणजे पाच हजारांच्या गाईला दहा हजारांचा दोर."

खरं आहे. शिवाय या कायद्यानं फुकट मिळणारी सेवा बाहेर ठेवली आहे. जो आश्रम एक पैसा घेत नाही, तिथला रहिवासी ग्राहक नाही. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे हा तुकडाही नाही. त्याला उरतं धर्मादाय कार्यालय. आश्रम सार्वजनिक न्यासाचा असेल तर १९५० च्या न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेला तपासणी करता येते, विश्वस्तांना निर्देश देता येतात. पण त्या कार्यालयाची नजर मुळात न्यासाच्या मालमत्तेवर आणि हिशेबावर. खतावणीत दूध दाखवलंय का हे ते बघेल, आजीबाईंच्या पेल्यात किती आलं हे बघायला माणूस कुठला?

दुसरा तुकडा ज्यांना आश्रम नको, 'रिटायरमेंट होम'मध्ये स्वतःचा फ्लॅट हवा, त्यांचा. पुण्याच्या आसपास अशा जाहिरातींचं पीक आलं आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये अशा प्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२४ मध्ये महारेरानं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकानं, महाराष्ट्रापुरती स्वतःची आणली. ज्येष्ठांसाठी म्हणून प्रकल्प विकायचा तर त्यातल्या गोष्टी विक्रीकरारात याव्यात, हा त्यामागचा हेतू. व्हीलचेअर सहज जाईल असे रुंद दरवाजे, न्हाणीघरात न घसरणाऱ्या फरश्या आणि धरायला दांडे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, लिफ्टला वीज गेल्यावरची सोय. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला हे वाचून गहिवरून येईल. समोर गुरुजींच्या घरी बाईंची चाकांची खुर्ची न्हाणीच्या दारात दोन बोटांनी अडायची. शेवटी चौकट तासली, रंग खरवडलेला आजही तसाच आहे. मात्र महारेराचा भर इमारतीवर. ताबा मिळाल्यावर दहाव्या वर्षी नर्स रात्री येते का, याची हमी करारात वेगळी लिहून घ्यावी लागते. केंद्राच्या नमुन्यात बिल्डर, सेवा देणारी कंपनी आणि घेणारा अशा तिघांचा करार सुचवला आहे, तो याचसाठी.

तिसरा तुकडा कोणी फारसा उलगडत नाही. २००७ च्या कायद्याचं कलम २३. आपल्याला ते ठाऊक आहे ते 'मुलाच्या नावे केलेलं बक्षीसपत्र रद्द' या बातम्यांतून. पण कलमाचे शब्द नीट वाचा. मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर ज्येष्ठानं मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं त्या पुरवल्या नाहीत, तर ते हस्तांतर फसवणुकीनं वा दडपणाखाली झालं असं धरून रद्द ठरवता येतं. 'घेणारा' मुलगाच असावा असं तिथं म्हटलेलं नाही. कुणी आश्रमाला सावेडीतला प्लॉट लिहून दिला, "शेवटपर्यंत सांभाळा" म्हणून, आणि आश्रमानं सांभाळलं नाही, तर माझ्या वाचनानुसार त्यालाही हे दार उघडं आहे. अट मात्र दिसली पाहिजे. २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सांभाळण्याची अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं प्रेमानं दिलं एवढ्यानं भागणार नाही. जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू लक्षात घेऊन उदार अर्थ लावला. तिथं मुलानं सांभाळण्याचं लेखी वचन दिलं होतं. दोन्हींचा व्यावहारिक अर्थ एकच, की दस्तात अट शब्दांत लिहा. नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक "प्रेमापोटी व स्वखुशीने" हे छापील वाक्य आपोआप टाकतो. तिथं त्याचा हात धरा.

राहिलं ते आवाराबाहेर न जाण्याचं. यावर मी गुरुजींना जरा चढ्या आवाजात सांगितलं असेन. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला कायद्यात पालक नसतो. मुलानं सही केली म्हणून तो पालक होत नाही. फार तर बिल भरायला जामीन होतो. फाटकाला कुलूप घालून, जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला आत ठेवणं हा बंदिस्त करून ठेवण्याचा गुन्हा होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. चालकांची बाजूही ऐकली पाहिजे. एक चालक मला म्हणाले होते, "साहेब, आजोबा मनमाड रस्त्यावर ट्रकखाली आले तर पहिला दगड आमच्याच खिडकीवर पडतो." त्यांची भीती खोटी नाही. पण तिच्यावर इलाज म्हणजे जाताना वहीत वेळ लिहिणं, खिशात नाव-नंबराची चिठ्ठी ठेवणं. परवानगी हा नव्हे.

ज्येष्ठांच्या निवासांबाबत इतर देशांनी काय केलं ते बघताना मला न्यूझीलंडचा २००३ चा कायदा विशेष आवडला. तिथं निवृत्तांच्या वसाहतीत राहायला जाण्याचा करार करण्यापूर्वी त्या माणसानं स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे, आणि सही केल्यावरही कामकाजाचे पंधरा दिवस मन बदलायला मोकळे. बारीक टाइप लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की समोरून कोणीतरी भिंग घेऊन बसणार आहे. अमेरिकेनं १९८७ मध्ये शुश्रूषागृहांतल्या रहिवाशांचे हक्क कायद्यात लिहिले. सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायचं नाही, आणि बाहेर काढायचं तर सहसा तीस दिवस आधी लेखी कारण द्यायचं. शिवाय तिथं प्रत्येक राज्यात रहिवाशांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल असतो. तो आश्रमाचा नसतो आणि मुलांचाही नसतो.

अशा तिसऱ्या माणसाची गरज का, ते मला गेल्या वर्षी एका आजींनी शिकवलं. मी भेटायला गेलो होतो, दुसऱ्याच एका ठिकाणी. पातळ वरणाबद्दल त्या कुजबुजत होत्या. तेवढ्यात सेविका पाणी घेऊन आली. आजी लगेच मोठ्यानं म्हणाल्या, "इथं फार छान आहे हो. घरच्यासारखं." सेविका गेली. आजींनी पेला दोन्ही हातांत धरला. "रात्री पाय वळतात तेव्हा हीच येते," त्या म्हणाल्या. "तिला कशाला दुखवायचं?" ज्याच्या हातचं पाणी प्यायचं त्याच्याविरुद्ध अर्ज कोण लिहिणार? आपल्याकडे १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. पण दोघांनाही फोन करायचा तो आजींनीच, आणि फोन ऑफिसात.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग जुन्या सवयीनं लाल पेन काढलं आणि अर्जाच्या मागच्या पानावर पेपर तपासतात तशा खुणा केल्या. अनामतीसमोर लिहिलं : मुदत व परतीचा तक्ता जोडावा. शुल्कवाढीसमोर : वर्षातून एकदा, कमाल किती टक्के? प्रवेश रद्दसमोर : एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह. बाहेर जाण्यासमोर : वहीत नोंद करीन. शेवटी : सही केलेल्या कराराची प्रत मला मिळावी. पालकाचा रकाना त्यांनी एका रेघेत काटला, वर 'आपत्कालीन संपर्क' असं लिहिलं आणि मुलाचा फोन नंबर घातला.

आठ दिवसांनी आश्रमातून फोन आला. मी तिथंच होतो. व्यवस्थापक नम्र होते. असं लाल शाईनं आजवर कुणी पाठवलं नव्हतं म्हणाले. अनामत दर वर्षी वीस टक्के कमी करत उरलेली परत द्यायला ट्रस्टी तयार झाले होते. नोटीस पंधरा दिवसांची देऊ म्हणाले. गुरुजींनी एक महिना धरून ठेवला, तो मिळाला. वहीचं मान्य. प्रत देऊ.

"आणि पालकाचा रकाना?" गुरुजींनी विचारलं.

पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग व्यवस्थापक म्हणाले, "तो राहू द्या ना, गुरुजी. पाचशे फॉर्म छापून आलेत."